स्पॅमची तक्रार नेट कंपनीकडे कशी करायची

बेळगाव जिल्ह्यात निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला, खानापूरच्या पतसंस्थेला ‘बिल जोडले आहे’ असा फसवा मेल येतो. बहुतेक जण तो तसाच फॉरवर्ड करून तक्रार करतात आणि तिथेच ती मरते: फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची लपलेली नोंद, गळतो, कंपनीला दिसतो तो तुमचाच पत्ता.

जीमेल संगणकावर उघडा. मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, ‘शो ओरिजिनल’, मग ‘डाउनलोड ओरिजिनल’. ती फाइल तक्रारीला जोडा. नुसत्या स्क्रीनशॉटवर काही होत नाही.

फाइलमध्ये ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी वरून खाली वाचा. तुमच्या मेलसेवेने बाहेरच्या सर्व्हरकडून मेल घेतला ती ओळ धरा. तिच्या चौकोनी कंसातला आयपी, म्हणजे पाठवणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक, खरा. त्याखालच्या ओळी पाठवणारा मनाने घुसडू शकतो, ‘फ्रॉम’मधलं नाव तर सर्रास खोटं असतं. तो आयपी ‘हूइज’ या आयपीचा मालक शोधायच्या सेवेत टाकला की मालक नेट कंपनी आणि तिचा ‘अब्यूज’ (गैरवापराचा) तक्रारपत्ता निघतो. आयपीचं ठिकाण नकाशावर बेंगळुरू दिसलं की पुणे, त्यावर विसंबू नका. आयपी गूगलचाच निघाला तर नेट कंपनीला लिहून उपयोग नाही, गूगलला कळवा.

खरी गोची वेळेची. हेडरमध्ये 21:10 आणि पुढे -0700 (जागतिक वेळेच्या सात तास मागे) असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 9:40. एका आयपीवर एकाच वेळी अनेक गिऱ्हाइकं असू शकतात, त्यामुळे वेळ चुकली की भलत्याच माणसाचं नाव निघतं. सेकंदासकट भारतीय वेळ आणि तिची खूण ‘+0530’ लिहा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात. त्यानंतर कंपनीने हात वर केले तर बोलायला जागा नाही.

1909 या नकोशा कॉल-एसएमएसच्या तक्रार क्रमांकावर मेलची तक्रार चालत नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे 2018 चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. पैसे गेले असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग जिल्ह्याचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांचं) पोलीस ठाणे. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत न्यावा. भाषेचा वाद चांगला, पण त्या टेबलावर नको.

गावच्या केबल-नेटवाल्याकडे एक मागणी लावून धरा: घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारं पोर्ट 25, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद कर. व्हायरस लागलेला संगणक बहुधा तिथूनच थेट स्पॅम ओततो. आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधून रोजचा मेल पोर्ट 587 किंवा 465 वरून जातो, त्याला धक्का लागत नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या एखाद-दुसऱ्या कारखान्याला अर्ज घेऊन सूट द्यावी.