लोकल केबलवर दुकानाची जाहिरात: पैसे देण्याआधी काय विचारायचं

तालुक्याच्या गावात केबलवाल्याकडे जाहिरात द्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो ‘महिन्याचे किती?’ तो थोडा मागे ठेवा. आधी विचारा: तुमचे चालू बॉक्स किती आणि कुठल्या भागात? केबलवाल्याचं स्वतःचं लोकल चॅनेल दिसतं ते फक्त त्याच केबलच्या सेट टॉप बॉक्सवर. डीटीएच घेतलेल्या घरात किंवा नुसत्या मोबाइलवर बघणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणारच नाही. आकडा ‘एकूण कनेक्शन’चा नको, या महिन्यात रिचार्ज झालेल्या बॉक्सचा हवा, बंद पडलेली कनेक्शनं धरून फुगवलेला आकडा सर्रास सांगितला जातो. तुमचं गिऱ्हाईक स्टँडपलीकडच्या वाड्यांमधून येत असेल आणि केबल पेठेतच असेल, तर तिथेच थांबा.

जाहिरात तीन प्रकारची असते: खालून सरकणारी पट्टी, स्थिर स्लाइड आणि क्लिप. किराणा, शिकवणी, पिठाची गिरणी, मिक्सर दुरुस्ती यांना बहुतेक वेळा पट्टी पुरते. साड्या, फर्निचर, मिठाई अशा डोळ्यांना दाखवायच्या मालालाच क्लिप करावी.

पट्टीचा हिशेब सोपा आहे. एक पट्टी सरकायला १५ सेकंद धरा. रांगेत ४० पट्ट्या असतील तर एक फेरी १० मिनिटांची, म्हणजे तुमची पट्टी तासाला ६ वेळा. रांग २० पट्ट्यांची असेल तर १२ वेळा. दर ठरवताना ‘रांगेत जास्तीत जास्त इतक्याच पट्ट्या’ असं लिहून घ्या, नाहीतर दिवाळीत रांग दुप्पट होते आणि दर मात्र तोच राहतो.

मजकूर १२ ते १५ शब्दांचा ठेवा: काय मिळतं, कुठे (ठळक खूण सांगून, ‘मारुती मंदिरासमोर’), कधीपर्यंत, नंबर. ‘आमच्या येथे सर्व प्रकारचे’ ही सुरुवात म्हणजे चार शब्द फुकट.

इथे हमखास घोळ होतो तो फॉन्टचा. काही कंट्रोल रूममध्ये पट्टी अजूनही जुन्या, युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टवर चालते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला मजकूर तिथे चिकटवला की अक्षरांचा पार चुथडा होतो. मग ऑपरेटर घाईत पुन्हा टाइप करतो. एखादा रफार गळतो, ‘वर्षा’ची ‘वषा’ होते, नंबरातला एक आकडा बदलतो. म्हणून मजकूर छापून द्या आणि पट्टी सुरू झाल्यावर टीव्हीवरचा फोटो काढून तोच नंबर फिरवून बघा.

क्लिप २० सेकंदांची पुरे. तेवढ्यात आरामात बोलायला ४० ते ४५ मराठी शब्द बसतात. ७० कोंबले की कोणालाच काही कळत नाही. नंबर निदान ५ सेकंद पडद्यावर राहू द्या, पण पडद्याच्या तळाच्या एक पंचमांश भागात नको, तिथे चॅनेलची स्वतःची पट्टी धावते आणि नेमका नंबर झाकते. कडांनाही मजकूर नको, जुने टीव्ही कडा कापतात. फाइल एमपी४, सेकंदाला २५ फ्रेमची. मोबाइलवर उभं शूटिंग केलंत तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. मागे सिनेमातलं गाणं लावू नका: हक्क तुमचे नाहीत.

मजकुराला कायद्याच्याही मर्यादा आहेत. दारू-तंबाखूची जाहिरात केबलवर चालत नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ छापाचा दावा १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात सापडतो.

वेळेबाबत ‘दिवसातून ३० वेळा’ हे ऐकून भुलू नका. त्यातल्या २० पहाटेच्या असू शकतात. संध्याकाळी ७ ते १० मध्ये किती, हे ऑर्डरवर लिहून घ्या. लोकल बातम्यांच्या आगेमागे मिळालेली जागा सगळ्यात कामाची. गणेश विसर्जन, जत्रा, कबड्डीचे सामने थेट दाखवतात तेव्हा गावाचं लक्ष त्या चॅनेलवर असतं. त्या जागा महिनाभर आधी पकडा. आणि चोरून लावलेल्या नव्या सिनेमाच्या मध्ये तुमचं नाव नको, हेही स्पष्ट सांगा.

सुरू करायच्या आधी दोन आठवडे रोजची गिऱ्हाइकं आणि फोन वहीत मांडा. जाहिरातीत एक वेगळा मोबाइल नंबर द्या, किंवा फक्त केबलवरच सांगितलेली सवलत ठेवा. काउंटरवर ‘कुठे पाहिलंत?’ विचारून रेघ मारत जा. सुरुवातीला वर्षाचा सौदा नको, एक महिनाच घ्या. बिलावर १८ टक्के जीएसटी लागला असेल तर नियमित नोंदणीवाल्याला त्याचं क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) मिळतं. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) असाल तर मिळत नाही, तेव्हा दराची तुलना कर धरूनच करा.