जुनी जन्म-मृत्यू नोंद ऑनलाइन कशी करून घ्यावी

पेटीत जपून ठेवलेल्या हस्तलिखित जन्मदाखल्याचा मोबाईलवर फोटो काढला की दाखला डिजिटल झाला, हा समज आधी सोडून द्यावा. डिजीलॉकरमध्ये आपण स्वतः चढवलेली प्रत ही प्रतच राहते. शासकीय यंत्रणेकडून तेथे आलेला दाखला मात्र मुळाच्या बरोबरीचा मानला जातो. म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील मूळ नोंद केंद्र शासनाच्या सीआरएस (जन्म-मृत्यूच्या ऑनलाइन नागरी नोंदणीच्या) प्रणालीत जशीच्या तशी जावी आणि तिच्यावरून क्यूआर कोड असलेला दाखला निघावा, एवढेच आपले काम आहे.

आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना कागद घेऊन ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून परत येऊ नये.

यानंतर मूळ नोंद शोधायची असते आणि बहुतेकांचे काम येथेच अडते. याच ठिकाणी सर्वांत घातक सल्लाही मिळतो : "नोंद सापडत नाही ना, मग तहसीलमधून उशिरा नोंदणीचा आदेश आणा." ज्यांचा जन्म कधी नोंदवलाच गेला नाही त्यांच्यासाठी ती तरतूद आहे. नोंद असताना दुसरी नोंदणी करून घेतली, तर एकाच माणसाच्या दोन क्रमांकांच्या दोन नोंदी तयार होतात आणि पुढे पारपत्राच्या किंवा जात पडताळणीच्या वेळी दोन्हींवर संशय घेतला जातो. उशिरा नोंदणीच्या प्रकरणांची राज्यात 2025 मध्ये मोठी फेरतपासणी झाली आहे, हे लक्षात घेऊन तरी हा आडमार्ग कोणी धरू नये.

शोधताना मीही बराच काळ अडखळत असे, कारण शोध चुकीच्या गावात चालू असायचा. नोंद राहत्या गावात होत नाही, जन्म झाला त्या ठिकाणी होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, तेव्हा थोरल्या अपत्याची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत पाहावी; तालुक्याच्या दवाखान्यात जन्म झाला असेल तर त्या हद्दीतील निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाहावी. दुसरी अडचण तारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून किंवा 1 जुलै ही तारीख अंदाजाने लिहिलेली असेल, तर त्या तारखेवर नोंद सापडणार नाही. मागची-पुढची दोन-दोन वर्षे पाने उलटून पाहण्याची तयारी ठेवावी आणि वहीत जन्मतारखेचा व नोंदणीच्या तारखेचा, असे दोन्ही रकाने तपासावेत. नोंदींचा शोध घेण्याची मागणी करण्याची सोय 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या 17 व्या कलमात आहे; वही जुनी आहे, वाळवी लागली आहे, एवढ्या उत्तरावर परत फिरू नये.

जिल्ह्याचे नावही फसवते. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळे झाले. त्याआधीच्या कागदांवर जुनाच जिल्हा असतो आणि काही दप्तर अजून जुन्या मुख्यालयी असू शकते. आजोबा-पणजोबांच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत असतात. त्यांची प्रमाणित नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून घ्यावी. तेथे बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात आणि पुढे नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. त्यामुळे नावावर न जाता बापाचे नाव आणि गाव यांवर बोट ठेवून ओळी वाचाव्यात. एवढे करूनही काही हाती लागले नाही, तरच कोणती वर्षे तपासली हे लिहिलेले अनुपलब्धता प्रमाणपत्र मागावे आणि उशिरा नोंदणीचा विचार त्यानंतर करावा.

नोंद सापडली की तिचा क्रमांक, वर्ष आणि नोंदणीची तारीख लगेच उतरवून घ्यावी. मग नावे जुळवावीत. वहीत 'किसन' आणि आधारवर 'कृष्णा', वहीत आईचे नाव 'बेबी' आणि इतरत्र 'शोभा', आडनावाचा तर पत्ताच नाही, असे सर्रास असते. ऑनलाइन करताना हळूच नीट करून देतो, असे कोणी म्हटले तर ठाम नकार द्यावा. वही आणि संगणक यांत फरक राहिला, तर पडताळणीच्या वेळी वहीच प्रमाण धरली जाते. दुरुस्तीचा रस्ता त्याच अधिनियमाच्या 15 व्या कलमाचा आहे : मूळ शब्दाला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची आणि निबंधकाने तेथे तारखेसह सही करायची. बाळाचे नावच नसेल तर ते भरण्याची तरतूद वेगळी आहे, तीत नियमाने 15 वर्षांची मर्यादा आहे आणि शासन वेळोवेळी मुदतवाढ देत आले आहे; अर्जाआधी चालू मुदत विचारून घ्यावी. दुरुस्ती आधी, संगणक नंतर, हा क्रम कोणाच्याही घाईसाठी मोडू नये.

संगणकावरील नोंद निबंधकाच्या, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्याच लॉगिनमधून होते. सेवा केंद्रचालकाला ती परस्पर करता येत नाही. या अधिकाऱ्याने मंजुरी देण्यापूर्वी आपण पडद्यावरील इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर-अक्षर ताडून पाहावे.

मृत्यूच्या नोंदीलाही हीच पद्धत लागू आहे, फक्त ती जेथे मृत्यू झाला तेथे शोधावी. नागपूरच्या दवाखान्यात वारलेल्या माणसाची नोंद गावच्या वहीत मिळणार नाही, आणि वारस फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या कागदावर वारसांची नावे लावण्याच्या वेळी हेच नेमके उशिरा कळते.

दाखला हाती आल्यावर क्यूआर कोड स्कॅन करून उघडणाऱ्या पत्त्यातील संकेतस्थळाचे नाव, म्हणजे https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग, डॉट गव्ह डॉट इन (.gov.in) याच अक्षरांवर संपतो का, हे पाहावे, कारण हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवरूनही दाखले काढून दिले जातात. जुना कागद टाकू नये, त्याला लॅमिनेशनही करू नये. मागच्या बाजूचे शिक्के आणि शाई तपासायची वेळ आली, तर प्लास्टिकच्या आतून ती तपासता येत नाही.