प्री-मेडची पगारी नोकरी: या चुका टाळा

अमेरिकेत प्री-मेडला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या तयारीत असताना, नर्सिंग होममध्ये (वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात) सीएनएचं, म्हणजे प्रमाणित नर्सिंग सहाय्यकाचं, काम मिळालं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे बेडपॅन उचलणार?" हो, उचलले. भारतात एमबीबीएसला नीटचे मार्क पुरतात, त्यामुळे आपल्या आईवडिलांना हा खटाटोप कळत नाही. अमेरिकेत मात्र पदवीचे ग्रेड आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा यांच्या जोडीला तुम्ही पेशंटच्या किती जवळ राहिलात, हेही बघतात. पगार घेतला म्हणून त्या अनुभवाची किंमत कमी होत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती हुद्द्याच्या नावावरून. जाहिरातीत 'मेडिकल असिस्टंट' असतं आणि प्रत्यक्षात दिवसभर फोन घ्यायचे, विम्याची कार्डं स्कॅन करायची. मुलाखतीतच विचारून घ्या: एका शिफ्टमध्ये माझा किती पेशंटशी थेट संबंध येईल? स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांसाठी नोंदी टिपून घेण्याचं, काम चांगलं आहे, डॉक्टर विचार कसा करतात ते कळतं. पण पेशंटशी बोलणं जवळपास नसतंच, तेव्हा जोडीला आठवड्यातून एकदा हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) तरी जा.

दुसरी चूक वेळेच्या हिशेबाची. सीएनएच्या प्रशिक्षणाला केंद्रीय नियमाने किमान ७५ तास लागतात, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्याचा, कोर्स त्याच्या दुपटीच्या आसपास, वर परीक्षा. थर्ड इयर संपताना कोर्स केला, तर कार्ड खिशात आणि अर्जात तास शून्य! उलटीकडून मोजा. अर्ज मे-जूनमध्ये जातो, त्याआधी निदान वर्षभर काम, त्याआधी कोर्स. मध्ये बॅकग्राउंड चेक, हिपॅटायटिस बीच्या लशींची नोंद आणि टीबीची तपासणी. लहानपणी भारतात बीसीजी टोचली असेल, तर हातावरची टीबीची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे मागे लागतो. आधीच सांगा आणि रक्ताची टेस्ट करून द्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

व्हिसाचं मात्र फार जपा. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बीसारख्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना पगारी काम करताच येत नाही. एच-४ ची ती परवानगी फक्त काही पती-पत्नींना मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर नोकरी चालत नाही. "ओळखीचं क्लिनिक आहे, रोख देतील" या वाटेला जाऊच नका. एकदा नियम मोडला की तो पुढच्या प्रत्येक कागदात आडवा येतो. अशांनी हॉस्पिटलच्या रीतसर स्वयंसेवक योजनेत जावं, जिथे कोणालाच पगार नसतो. शिवाय ग्रीन कार्ड नसलेल्यांचे अर्ज न घेणारी मेडिकल कॉलेजं बरीच आहेत, ती यादी आधी तपासा.

आणि सुट्टीत नाशिकला मामाच्या हॉस्पिटलमध्ये टाके घातले, हे अर्जात मिरवू नका. मामा कौतुकाने हातात सुई देईल, पण इथे वाचणाऱ्याला दिसतो तो प्रशिक्षण नसलेला हात आणि 'नाही' म्हणता न येणारा पेशंट. बाजूला उभं राहून बघा, तेवढंच लिहा.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सेमिस्टरला नाइट शिफ्ट घेऊ नका, बाकी सांगायला नको.

शेवटचं, वही ठेवा. अर्जात एका अनुभवाला स्पेस धरून ७०० अक्षरं मिळतात, आणि तोवर सगळे चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात. पेशंटचं नाव, खोली, तारीख लिहायची नाही. घडलं काय तेवढंच. माझ्या वहीत एक ओळ आहे: 'खुर्चीवरून उठवायला कमरेला पट्टा आवळला, तर आजी म्हणाल्या, कुठल्या नाचाला नेतेयस?'