फियांचेटो नव्हे, फ्यांकेत्तो: बुद्धिबळातले इटालियन शब्द कसे उच्चारावेत

घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवायचं आणि रिकाम्या झालेल्या घरात उंट आणून बसवायचा. बुद्धिबळ शिकणाऱ्याला ही रचना लवकरच भेटते आणि तिचं नाव कानावर पडतं ते ‘फियांचेटो’ असं. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होतो. इटलीत मात्र हा शब्द आहे फ्यांकेत्तो. ‘फ्यांको’ म्हणजे कूस, बाजू. ‘एत्तो’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय.

घोटाळा होतो तो इंग्रजीमुळे. इंग्रजी बोलणारा माणूस सी-एच दिसलं की सवयीने ‘च’ म्हणतो, आणि आपण हे शब्द त्याच्याच पुस्तकांतून, समालोचनातून उचलतो. खरं तर इटालियनला लागणारे बहुतेक ध्वनी मराठी जिभेवर आधीपासून आहेत. फक्त इंग्रजीचा वळसा टाळायचा.

पहिली पायरी: सी आणि जी

सीपुढे लगेच ई किंवा आय आला तर ‘च’. मध्ये एच आला तर ‘क’. एच तिथे बसवलेला असतो तो ‘क’ टिकवण्यासाठीच, म्हणजे इंग्रजी सवयीच्या नेमकं उलट. बुद्धिबळाला इटालियनमध्ये स्काक्की म्हणतात. त्यातही हेच सी-एच आहे. सतराव्या शतकातला, दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा प्रसिद्ध खेळाडू ग्रेको, त्याचं पहिलं नाव जोआकीनो, ‘जोआचिनो’ नव्हे.

जीचंही तसंच. पुढे ई किंवा आय आला की ‘ज’, एरवी ‘ग’. आणि जी-आयनंतर आणखी एखादा स्वर आला, तर तो आय सहसा उच्चारायचाच नाही. जीला मऊ करून तो गप्प बसतो.

दुसरी पायरी: हा नियम ज्वॉको प्यानोला लावा

पांढऱ्याचा उंट सी४ या घरात, काळ्याचा सी५ मध्ये, दोघांचा एकेक घोडा बाहेर: डाव सुरू करण्याची ही ती जुनी इटालियन पद्धत, ज्वॉको प्यानो. ग्रेकोच्या हस्तलिखितांत तिचे डाव आहेत. पहिल्या शब्दाची अक्षरं जी-आय-यू-ओ-सी-ओ. इंग्रजी वाचक इथे अडखळतो आणि ‘गिओको’पासून ‘जुओको’पर्यंत काहीही म्हणतो. आय गप्प आहे हे एकदा कळलं की उरतं ते ज्वॉ-को, दोनच अवयव, म्हणजे उच्चारातले तुकडे. ‘ज्वाला’मधला ज्व घ्या, ओठ जरा गोल करा आणि पुढे ‘ऑफिस’मधला ऑ लावा. आजचे इटालियन लोक यू गाळून ‘जॉको’ लिहितात, बोलतात. बुद्धिबळाने जुनं रूप जपलं आहे.

दुसरा शब्द तर आपल्या पटावरच आहे: ‘प्यादं’मधला प्या, पुढे नो. प्यानो म्हणजे शांत, हळू. पियानो या वाद्याच्या नावातला शब्दही हाच. म्हणून ज्वॉको प्यानो म्हणजे शांत खेळ, आणि त्याहून संथ प्रकार तो प्यानिस्सिमो. त्यात जोर ‘निस्’वर द्या.

तिसरी पायरी: जोडाक्षर दाबून म्हणा

इंग्रजीत दोन टी लिहिले तरी उच्चार एकाचाच होतो. इटालियनमध्ये दोन्ही ऐकू यायला हवेत. ‘पत्ता’, ‘पक्का’ म्हणताना आपण जितकं थांबतो तितकंच थांबायचं: फ्यांकेत्तो. टी नेहमी दंत्य, म्हणजे आपला ‘त’, ‘ट’ नाही. सरावाला ‘गाम्बेत्तो’ घ्या, म्हणजे पायात पाय घालून पाडणं. कुस्तीगिरांना सहज कळेल असा हा अर्थ. गँबिट, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच प्यादं वगैरे देऊ करणं, हा शब्द त्याच्यावरूनच आला.

चौथी पायरी: झेडसाठी चहातला च

माझ्या मते मराठी माणसाला सगळ्यात आनंद देणारी पायरी हीच. दोमेनिको लोरेंझो पोंझियानी असं आपण वाचतो. इटलीतल्या मोडेना शहराचा हा धर्मगुरू, १७६९ मध्ये त्याचा बुद्धिबळावरचा ग्रंथ निघाला आणि डाव सुरू करण्याची त्याच्या नावाची पद्धत आजही खेळली जाते. या नावात दोनदा येणारा झेड ‘झ’ नाही, ‘त्स’ आहे: लोरेन्त्सो पोन्त्स्यानी. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हा ध्वनी फारसा येत नाही. आपण मात्र ‘चहा’, ‘चोर’ म्हणताना तो रोज वापरतो. ‘चिमणी’मधला च वेगळा, तो इथे नको.

काही शब्दांत झेड घोष होतो, म्हणजे ‘त्स’ऐवजी ‘द्झ’सारखा ऐकू येतो. मारलेल्या मोहऱ्याची परतफेड प्रतिस्पर्ध्याला अपेक्षित असताना मध्येच दुसरीच चाल खेळली, तर तिला इंतेरमेज्जो म्हणतात. त्यातला ज ‘जाड’, ‘जोर’मधला, तोही दुहेरी. ‘इंटरमेत्सो’ म्हणू नका.

पाचवी पायरी: स्वर सरळ, जोर उपान्त्य अवयवावर

शेवटचा ओ इंग्रजीसारखा ‘ओउ’ असा लांबवू नका. मराठी ओ अगदी बरोबर आहे. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो: फ्यां-केत्-तो, पोन्-त्स्या-नी, ग्रे-को. प्यानिस्सिमो हा अपवाद वर आलाच.

इंग्रजी शब्दकोशांत फ्यांकेत्तोचे ‘क’ आणि ‘च’ असे दोन्ही उच्चार सापडतात. त्यामुळे समोरच्याने ‘च’ म्हटलं म्हणून डाव थांबवून त्याला टोकू नका. आपण नीट म्हणावं, ऐकणारा विचारेल तेव्हा सांगावं.

सरावासाठी शेवटी एक जोडी: स्काक्को मात्तो, म्हणजे डाव संपवणारी मात. मूळ फारसी ‘शाह मात’. आपले शह आणि मातही तिथूनच आले. आधी ‘शह, मात’ म्हणा, मग क्क आणि त्त दाबून ‘स्काक्को मात्तो’.