रांगेतली कोडी: अंदाज नको, चार ओळी मांडा

दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी पाच जण एकामागे एक उभे आहेत: गणू, रमा, सुलभा, बाबू, वसंत. गणू आणि रमा यांच्यामध्ये बरोबर दोघे आहेत. सुलभा गणूच्या लगेच मागे आहे. वसंत बाबूच्या लगेच मागे आहे. तर रांगेत मधोमध कोण?

पोलीस भरतीपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत असली कोडी येतातच. नावांची पहिली अक्षरं घ्या, पाच घरं आखा, डावं टोक बोटीकडचं धरा. सुरुवात लांब पसरणाऱ्या अटीने करा. जोड्या उरलेल्या घरांत नंतर बसतात.

खरी गोची इथेच आहे. 'मध्ये दोघे' वाचलं की हात आपसूक गणूला पहिल्या आणि रमाला चौथ्या घरात बसवतो. मी वर्षभर हेच करायचो. अडलं की सगळं खोडायचं, नवा अंदाज बांधायचा, आणि कुठली शक्यता तपासून झाली हेच विसरायचं. एका परीक्षेत यापायी शेवटचे प्रश्न राहून गेले. म्हणून 'बसवून बघा, जमेल' असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पाच जणांच्या रांगा 120 होतात, किती वेळा बसवून बघणार?

'मध्ये दोघे' या अटीला जागा चारच आहेत: पहिलं-चौथं घर किंवा दुसरं-पाचवं, आणि त्यांचीच अदलाबदल. चारही ओळी एकाखाली एक लिहा आणि लगेच सुलभाला बसवा:

ग स _ र _
_ ग स _ र
र _ _ ग स
_ र _ _ ग

चौथ्या ओळीत गणूच्या मागे घरच नाही. फुली मारा, पण खोडू नका. पहिल्या दोन ओळींत रिकामी घरं शेजारी नाहीत, त्याही गेल्या. तिसरीत बाबू-वसंत बसतात: र ब व ग स. मधोमध वसंत.

'लगेच'खाली रेघ ओढाच. माझ्या पडवीत शिकायला येणारी पोरं तो शब्द हमखास गाळतात. वसंत बाबूच्या मागे 'कुठेतरी' आहे असं धरलं, तर पहिल्या तिन्ही ओळी तगतात आणि मधोमध बाबू, सुलभा, वसंत अशी तीन वेगळी उत्तरं निघतात. पर्यायांतही हीच नावं तुमची वाट बघत असतात.

उत्तर लिहिण्याआधी तिन्ही अटी ताडून बघा: रमा-गणूमध्ये ब आणि व, गणूमागे स, बाबूमागे व.