आठवडी बाजाराला निघण्याआधी: दुचाकी, कागद आणि ट्रॉली

हेल्मेट चालवणाऱ्याला लागतं, तसंच मागे बसणाऱ्यालाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे आणि ‘इथंच तर जायचं’ ही सवलत त्यात नाही. केंद्रीय कायद्यात दंड १,००० रुपये, शिवाय परवाना तीन महिने बाद. काही गुन्ह्यांची तडजोड रक्कम (कोर्टात न जाता भरायचा दंड) राज्यानं वेगळी ठरवली आहे, त्यामुळे चलानावरचा आकडा थोडा निराळा दिसू शकतो.

बाजारात हेल्मेट घेताना नुसता आयएसआय शिक्का पाहू नका. शिक्क्याच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. मग पट्टा आवळा आणि मागून हेल्मेट वर ढकला. निघून आलं तर माप मोठं आहे. मे महिन्यात जाड दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवतात, तेव्हा पट्टा हनुवटीखाली नीट बसत नाही आणि दुपट्टा सरकला की हेल्मेट डोक्यावर फिरतं. आत पातळ सुती टोपी पुरते. जोराचा मार बसलेलं हेल्मेट टाकून द्या. आतला थर्माकोल दबलेला असतो, बाहेरून काही दिसत नाही.

तिघं बसले की वजन मागच्या चाकाच्या मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं, मग ब्रेक लागत नाही आणि हँडल ऐकत नाही. यालाही १,००० रुपये आणि तीन महिने. पोराला टाकीवर बसवणं तर त्याहून वाईट, कारण करकचून ब्रेक दाबला की त्याचं तोंड थेट हँडलवर आदळतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला छोटं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किमीपेक्षा जास्त चालत नाही.

गिअरची गाडी अठरा वर्षांखालच्याच्या हातात दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर आधारच्या आधारे घरूनच काढता येतो. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी द्या. आरटीओचं शिबिर तालुक्याला भरतं का, ते विचारून घ्या, जिल्ह्याची चक्कर वाचते. शिकाऊ परवाना सहा महिनेच चालतो.

परवाना आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये दाखवता येतात; मोबाइलमधला नुसता फोटो चालत नाही. रेंज नसलेल्या रस्त्यावर ॲप उघडेलच असं नाही, म्हणून मूळ कागद डिकीत असू द्या. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पण खरी झळ पुढं बसते: धडकेत कुणी दगावलं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. परवाना नसलेल्याला गाडी दिली असेल, तर विमा कंपनी आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. त्यापुढं चलान काहीच नाही.

कापूस वेचणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मजूर बायांना बसवून नेणं नेहमीचंच झालंय. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि शेतीच्या ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉलीतले मजूर सहसा धरलेले नसतात. मजूर न्यायचेच असतील तर प्रवासी गाडी करा. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळी चकाकणारी पट्टी लावा. कापूस भरल्यावर ताडपत्री मागे लोंबते आणि तीच पट्टी झाकते. ताडपत्री खोचून घ्या. रात्री रस्त्यात ट्रॉली बंद पडली तर आधी मागचा दिवा चालतोय का ते पाहा.

समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे.

अपघात झालाच तर चालकानं जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं, उशिरात उशिरा २४ तासांत. जमाव अंगावर येत असेल तर थांबण्यातून कायदा सूट देतो, कळवण्यातून नाही. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. मदतीला धावलेल्या वाटसरूनं नाव सांगायची सक्ती नाही.