शोभिवंत मासे हाताळताना लवंग तेल: उन्हाळ्यातील काळजी

एप्रिल-मे महिन्यांत गोल्डफिश किंवा कोईची प्रतवारी, जखमेला औषध लावणे यासाठी लवंग तेलाने गुंगी द्यायची असेल, तर हिवाळ्यातला डोस जसाच्या तसा वापरू नका. पाणी तापले की मासा लवकर आडवा होतो, आणि त्याच पाण्यात प्राणवायूही कमी असतो. मरतूक बहुधा इथेच होते.

तेल शुद्ध हवे. त्यात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल, म्हणजे गुंगी आणणारा घटक, असते. दाढदुखीसाठी मिळणारे, दुसऱ्या तेलात मिसळलेले लवंग तेल चालणार नाही. त्याचा तवंग कल्ल्यांवर बसतो. तुळशीच्या तेलातही युजेनॉल असते, पण जातीप्रमाणे प्रमाण इतके बदलते की डोस ठरवणे कठीण.

मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवा, नाहीतर गुंगीत टाकलेली विष्ठा पाणी नासवते. टाकीतलेच 10 लिटर पाणी बादलीत घ्या आणि एअर पंप चालू ठेवा. तेल थेट पाण्यात टाकू नका, ते मिसळत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजने 0.3 मिली तेल मोजा, काचेच्या बाटलीत 200 मिली कोमट पाण्यात घालून दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा आणि लगेच बादलीत ओतून ढवळा. स्पिरिटमध्ये विरघळवायचा मोह टाळा. रंगीत किंवा मिथिलेटेड स्पिरिट माशांना विषारी असते.

आधी दोनच मासे सोडून पाहा. तीन-चार मिनिटांत तोल गेला नाही, तर 0.1 मिली तेल तसेच फेटून वाढवा. 0.5 मिलीच्या पुढे जाऊ नका. मासा कुशीवर पडला, शेपटी दाबली तरी हलला नाही, पण कल्ले संथ लयीत हलत आहेत, हीच योग्य वेळ. नजर कल्ल्यांवरच ठेवा. ते थांबू लागले की काम अर्धे असले तरी मासा बाहेर काढा.

हात ओले करूनच धरा. काम झाले की त्याच तापमानाच्या, भरपूर हवा दिलेल्या स्वच्छ पाण्यात सोडा. हालचाल नसेल तर तोंड पुढे ठेवून हळूहळू पुढे सरकवा, मागे ओढू नका; पाणी तोंडातून कल्ल्यांकडेच जायला हवे. पाचेक मिनिटांत मासा सरळ होतो. खाद्य दुसऱ्या दिवशीच द्या.

वाहतुकीच्या पिशवीत एवढी गुंगी कधीच देऊ नका. तिथे 10 लिटरला 0.05 मिली पुरे, आणि पिशवी पहाटेच भरा. खाण्यासाठी विकायच्या माशांवर हे तेल वापरू नये.